चिमूटभर ओवा

दोघांची तेरवी एकाच दिवशी आली आणि कौशल्याच्या मांडवात निम्म्या पत्रावळी कोऱ्या राहिल्या.

दोघं गेलेही एकाच दिवशी. समोरच्या पार्बताबाईच्या नवऱ्याला, देवीदासला, सकाळी वांग्याच्या वावरात वाघाने धरलं. त्याच दुपारी कौशल्याच्या नवऱ्याच्या, नत्थुजीच्या, छातीत कळ आली. ग्यास समजून तिने ओवा दिला, वर सोडा पाजला, आणि तासाभरात तो खाटेवरच गेला. हार्ट होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाला. देवीदास पहिल्या पानावर आला, टीव्हीवर आला. अकोल्याहून साहेब आले, आमदार आले. नत्थुजीला मात्र खांदेकरी शोधावे लागले. सगळं गाव वाघाचे पंजे पाहायला वावरात लोटलं होतं.

आता समोरच्या मांडवात बसायला जागा नव्हती. कौशल्याच्या वड्यांवर माशा बसत होत्या, आणि ती पदर तोंडाला लावून समोरच बघत होती. जळत होती, सरळ सांगायचं तर. मरणसुद्धा त्या पार्बतीच्याच वाट्याला चांगलं! वांगी तिची आधी बाजारात, सून तिची देखणी, आणि आता हेही. 'यायलेही वाघानं नेलं असतं तर...' मनात आलं आणि तिने जीभ चावली. पण विचार काही गेला नाही.

तेवढ्यात अमरावतीचा एक पत्रकार चुकून तिच्या मांडवात शिरला. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"तुमच्याकडेही तेरवी, काकू? कोण गेलं?"

"माहे मालक. त्याच दिवशी."

त्याने झटकन वही उघडली. "वाघानेच?"

"नाई. छातीत दुखलं. ग्यास समजून म्या ओवा देल्ला. दारात गाडी उभी होती भाऊ, अकोटचा दवाखाना अर्ध्या तासावर. मले समजलंच नाई." ती बोलत सुटली. दोन वर्षांत या एका गल्लीतले चौघं असेच गेले. एकेकाचं नाव तिने बोटावर मोजून दाखवलं. "हे लिहा ना. लोकायले समजलं पायजे."

"लिहितो," तो म्हणाला. पेन त्याने कधीच खिशात टाकला होता. तिला रडू कोसळलं तेव्हा मात्र त्याने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा बुधाजी पेपर घेऊन घाईघाईने आला. वाघ आल्यापासून तो काठीशिवाय घराबाहेर पडत नसे.

"वयनी, तू पेपरात! पयल्या पानावर!"

कौशल्याने हात पुसून पेपर घेतला. केवढा फोटो! पार्बताबाईच्या फोटोपेक्षा बोटभर मोठाच. समोरच्या ओट्यावरून पार्बताबाई मान उंचावून बघत होती. चौदा दिवसांत पहिल्यांदा कौशल्याला बरं वाटलं.

"वाचा ना भाऊजी, काय लिहिलं यायच्याबद्दल?"

बुधाजीने फोटोखालची ओळ वाचली, "वाघाच्या दहशतीमुळे अश्रू अनावर झालेली गावातील महिला."

"आन् पुढं?"

"पुढं वाघच हाये."

तिने पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. नत्थुजीचं नाव कुठेच नव्हतं.

बुधाजी ओट्यावर टेकला. ऊन अजून चढलं नव्हतं, तरी घामाने सदरा भिजला होता. काठी मांडीवर आडवी घेऊन तो छाती चोळू लागला.

"वयनी, चिमूटभर ओवा दे व. सकायपासून ग्यास धरून राहिला."

कौशल्याच्या हातातून पेपर गळाला. "योगेश, गाडी काढ!" ती आतल्या पोरावर ओरडली. "बुधाजीभाऊले अकोटले ने! आत्ताच!"

"काहून व एवढी घाबरली?" बुधाजी हसला. "ग्यासनं माणूस मेला, असं कधी पेपरात वाचलं काय?"