चौथा बिघाड

हम्मादीने सातव्यांदा दोरी ओढली. करवतीने हूं की चूं केलं नाही.

“पुरे, सी हम्मादी,” मब्रूका नेहमीच्या अदबीने म्हणाली. “आता एक तर दोरी तुटेल, नाही तर खांदा निखळेल. द्या इकडे.”

तिने ती पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत टेबलावर आडवी केली आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

“महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा टाकीत पाणी. मग हवेच्या जाळीत मैदा.”

“भुसा होता तो. लाकूडतोड्याच्या करवतीत भुसाच असणार.”

“रोटी मीही भाजते. मला भुसा कळतो आणि मैदाही कळतो.”

ऐन द्राहम गावाच्या डोंगरात जेवढे लाकूडतोडे, तेवढ्यांच्या करवती या टेबलावरून गेल्या होत्या. नवरा वारला तेव्हा मब्रूकाने दुकान बंद करावं, असं सगळ्यांनी सुचवलं. तिने उलट दार मोठं करून घेतलं. पहिलं वर्षभर माणसं आपली यंत्रं घेऊन पार तबर्क्यापर्यंत गेली, मग मुकाट्याने परत आली. हम्मादी मात्र पहिल्या दिवसापासून तिच्याकडेच येत होता. तेव्हा त्याची बायको होती. तिलाही जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

आणि उद्या मब्रूका गाव सोडणार होती. मुलगा स्फाक्सला नोकरीला. आई डोंगरात एकटी नको, म्हणून त्याने हट्टच धरला होता. सकाळी नऊची बस होती. अर्धी हत्यारं खोक्यांत गेली होती.

तिने टाकीचं झाकण काढून वास घेतला. पेट्रोल ताजं होतं. प्लग काढला, तर तोही पेट्रोलने ओला.

“म्हणजे पोटात अन्न जातंय,” ती म्हणाली. “ठिणगी बघू.”

प्लग तारेला जोडून तिने धातूला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. तरी नाही. हम्मादी हे सगळं मन लावून बघत होता. तिच्या बोटांना घाई कधीच नसे आणि आज त्याला तेच हवं होतं. दुपार झाली होती. संध्याकाळपर्यंत बिघाड सापडला नाही, तर बरंच होईल, असं त्याला वाटत होतं.

पण मब्रूकाने प्लगवरची रबरी टोपी मागे सारली आणि तिथेच थांबली. आतली जाड तार तुटली होती. तुटली कसली, एका झटक्यात सरळ कापली होती.

“उंदीर असेल,” हम्मादी म्हणाला. “घरात फार झालेत.”

“उंदराकडे पक्कड होती?”

हम्मादीने मान खाली घातली. बावन्न वर्षांचा गडी, दोन माणसांच्या कवेत न मावणारे ओक त्याने लोळवले होते. आता त्याला स्वतःच्या बुटांखेरीज काही दिसेना.

“करवत धड असती तर आज काय सांगून आलो असतो?” तो कसाबसा म्हणाला.

“माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो, सी हम्मादी. करवतीच्या नाही.”

ती हातातलं काम बाजूला ठेवून थांबली. हम्मादीने तोंड उघडलं. महिनाभर घोकलेलं वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथून माघारी फिरलं.

“स्फाक्सची हवा दमट असते,” तोही तशाच अदबीने म्हणाला. “तब्येतीला जपा, लल्ला मब्रूका.”

“जपेन.”

तिने तारेचं टोक छाटलं, टोपी पुन्हा बसवली, प्लग आवळला. पहिल्याच ओढीला करवत गरजली. तीस वर्षांत हम्मादीला तो आवाज इतका नकोसा कधी वाटला नव्हता. करवत गाडीत टाकून तो निघणार, एवढ्यात मब्रूका दारात आली.

“साखळी सैल वाटते. आणा इकडे.”

ती करवत आत घेऊन गेली आणि थोड्या वेळाने परत देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी हम्मादी मुद्दाम लांबच्या रानात गेला. तिथून रस्ता दिसत नसे. बस दिसायला नको होती. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाल्यावरच त्याने करवत उचलली आणि दोरी ओढली. दोरी लोण्यातून आल्यासारखी अलगद आली. करवत गप्पच. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

“मी काही केलेलं नाही,” तो करवतीलाच म्हणाला.

मग ओंडक्यावर बसून त्याने कालच्यासारखंच एकेक तपासायला घेतलं. टाकी भरलेली. जाळी साफ. वरचं झाकण काढून त्याने रबरी टोपी उचलली. टोपीखाली प्लगच नव्हता. प्लगच्या जागी एक बोळा होता. इंजिनात कचरा जाऊ नये म्हणून धुतलेल्या कापडाचा, नीट घडी घालून बसवलेला.

हम्मादीला कालची ती ‘सैल’ साखळी आठवली. मग करवत, कुऱ्हाड सगळं तिथेच टाकून तो गाडीकडे धावला.

दुकानाचं दार उघडं होतं. मब्रूका टेबलाशी बसली होती. समोर दोन पेले, आणि किटली वाफाळत होती.

“बस गेली?” त्याने धापा टाकत विचारलं.

“केव्हाच,” मब्रूका म्हणाली. समोरच्या स्टुलावरचं खोकं उचलून तिने खाली ठेवलं. “आता तू बस.”