सांभाळणारा

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या आवृत्तीसोबत कोणती एक्स्टेंशन्स, म्हणजे जोडप्रोग्रॅम, द्यायची, हे २००४ साली जगभरातली नऊ माणसं ईमेलवर ठरवत होती. त्यातला एक नाशिकच्या सातपूरचा दीपक. नियम साधा होता: ज्या एक्स्टेंशनला सांभाळणारं, त्यातल्या चुका दुरुस्त करत राहणारं कुणी नाही, ते वगळायचं. मराठी शब्द अकारविल्हे लावणारं एक्स्टेंशन त्याच्या मित्राने, स्वराजने लिहिलं होतं. आणि स्वराज नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रकखाली गेला होता.

दहाव्याला रामकुंडावर तास झाला, तरी कावळा पिंडाला शिवेना. बहिणीच्या लग्नाचं बोलून झालं, आईला काशी दाखवायचं बोलून झालं. शेवटी स्वराजचे वडील रडवेले होऊन म्हणाले, "दीपक बाळा, याचा जीव कशात अडकलाय, तुला तरी ठावं हाय का?"

दीपक पुढे झाला, हात जोडले. "स्वराज, तुझं एक्स्टेंशन मी सांभाळीन."

कावळ्याने झडप घातली. वडील दीपकच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

 

घरी येऊन अंघोळ उरकताच दीपकने ईमेल लिहिला: "स्वराज वारला. सांभाळणारं कुणी नाही. वगळावं."