बारावं नाव

वामनरावांनी बंद पाकीट उजेडासमोर धरलं. आतलं नाव दिसलं नाही.

"पक्कं ना, देवाजी? अजून बदलता येते."

"बदलत नाही, साहेब."

वामनराव क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी पाकीट कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. मग त्यांची नजर देवाजीच्या बोटांवर गेली.

"नखाले काय लागलं गा?"

"हळद, साहेब. आता भाजी मलेच करा लागते ना."

देवाजीची बायको सिंधू जुलैत गेली होती.

सदर भागातल्या त्या क्लबात देवाजी मेश्राम तीस वर्षं स्क्वॉशचं कोर्ट सांभाळत होता. काच पुसायची, फरशी झाडायची. सकाळी शिकाऊ पोरांना एका पिवळ्या ठिपक्याचा, चांगला उसळणारा बॉल द्यायचा. जानेवारीतल्या व्यावसायिक स्पर्धेत दोन ठिपक्यांचा, कमी उसळणारा बॉल डबीतून काढून पंचांच्या हातात ठेवायचा. अंतिम सामन्याचा बॉल तो आठवण म्हणून घरी नेई.

आणि त्या सामन्याच्या सकाळी तो विजेतीचं नाव लिहून पाकिटात बंद करी. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. लोक म्हणत, भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज ऐकूनच त्याला कळतं.

अकराही वर्षं सिंधू सोबत यायची. दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. पट्टी न लावता तिचे ठिपके एका रेषेत येत. मग गॅलरीतल्या शेवटच्या बाकावर बसायची, ती बक्षीस समारंभ संपेपर्यंत उठत नसे.

येत्या महिन्यात गॅलरीतले सगळे बाक काढून खुर्च्या बसवायचं ठरलं होतं. देवाजीनं तो एक बाक मागितला, तेव्हा वामनराव म्हणाले होते, "बारावं नाव बरोबर निघू दे. बाकही ठेवू अन् त्याच्यावर वहिनीचं नावही लिहू."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. देवाजीनं सहज घेतलं नव्हतं.

चार वाजता गॅलरी भरली. एका बाजूला इथल्याच मनीषनगरची नूपुर, दुसऱ्या बाजूला पुण्याची हर्षा. नूपुरला रॅकेट धरायला देवाजीनंच शिकवलं होतं, ती नऊ वर्षांची असताना. तिचा हात हलका. पुढच्या भिंतीजवळ बॉल असा ठेवायची, की तो तिथंच मरून पडे. हर्षाचं तसं नव्हतं. ती जोरात मारायची, पळायची आणि दमायची नाही.

नूपुर बुटाची नाडी बांधायला देवाजीजवळ आली.

"काका, कोणाचं नाव लिहिलं?"

"सांगत नसतो."

"माहं असन तर डोळा मारा फक्त."

"जाय वं, हातपाय गरम कर."

"काकू असती तर तिनं सांगतलं असतं मले," नूपुर हसत म्हणाली आणि आत गेली.

देवाजीनं डबीतून बॉल काढला, पंच प्रीती मॅडमच्या हातात ठेवला आणि काचेमागे उभा राहिला.

पहिला गेम नूपुरनं घेतला, दुसरा हर्षानं. तिसरा पुन्हा नूपुरचा. देवाजीनं मागे वळून बाकाकडे पाहिलं. तिथं कोणीतरी पिशवी ठेवली होती. तो वर गेला, पिशवी खाली ठेवली आणि परत आला. तोवर चौथा गेम हर्षाकडे झुकला होता.

दोन-दोन. पाचव्या गेममध्ये आठ-आठ.

नूपुर थांबली. तिनं बॉल उचलून दाबून पाहिला.

"मॅडम, बॉल भल्ला उडून राहिला. एकदा तपासा ना."

देवाजी काचेजवळ सरकला. नवा बॉल आला तर तो थंड असणार, आणि थंड बॉल उसळत नाही. मग नूपुरला आवरणं हर्षाच्या हातात राहिलं नसतं.

प्रीती मॅडमनी बॉल दिव्याखाली धरला. फिरवून पाहिला.

"फुटलेला नाही. ठिपके दोन आहेत. खेळा."

"एवढे दिवे लावले, कोर्ट तापणारच," वामनराव पुटपुटले.

नऊ-नऊ. मग दहा-नऊ, हर्षा पुढे. नूपुरनं बॉल डाव्या कोपऱ्यात अलगद ठेवला. त्या कोपऱ्यातून तिचा बॉल कधी परत आला नव्हता. या वेळी तो वीतभर वर उठला. हर्षा पोचली. तिनं तो रिकाम्या जागेत मारला आणि गुडघ्यांवर बसली.

वामनरावांनी सगळ्यांसमोर पाकीट फाडलं.

"हर्षा!"

टाळ्यांनी छत दणाणलं. लोकांनी देवाजीच्या पाठीवर थापा मारल्या. कोणीतरी म्हणालं, आपल्या पोरीवर इतकी माया, तरी माणूस खोटं लिहीत नाही.

वामनरावांचे डोळे ओले झाले होते. "रविवारी पेंटर बोलावतो. पूर्ण नाव सांग."

"सिंधू देवाजी मेश्राम."

नूपुर टॉवेलनं तोंड पुसत आली. डोळे लाल होते, तरी हसली.

"बरोबर ओळखलं काका तुम्ही. मी उगाच बॉलले बोल लावून राहिली होती. नाचता येईना, अंगण वाकडं."

देवाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रीती मॅडमनी नेहमीप्रमाणे बॉल त्याच्या हातात दिला. गॅलरी रिकामी झाल्यावर तो वर गेला आणि शेवटच्या बाकावर बसला, सिंधूची जागा सोडून. बॉल अजून गरम होता. घामेजल्या अंगठ्यानं त्यानं तो पुसला.

एक ठिपका बॉलवर राहिला. दुसरा नखाला आला.

सिंधूनं काढलेला अकरा वर्षांत एकदाही निघाला नव्हता.