शेळीची हाक

माळावर कोंबड्यांना दाणे टाकताना गेनूला खालून हाक आली, "अहो."

"आलो गं," म्हणत तो उतरला. त्याची बायको द्रौपदा झऱ्यावर पाणी भरत होती.

"मी कुठं हाक मारली?" ती म्हणाली.

पुन्हा तेच, "अहो." दरडीच्या टोकाला बाभळीत अडकलेल्या शेळीच्या गळ्यातला पट्टा बोलत होता. जनावराचं बोलणं माणसाच्या भाषेत सांगणारा तो पट्टा गेनूनं कालच बांधला होता.

काट्यांनी ओरबाडून घेत त्यानं शेळीला ओढून वर घेतलं. "तीन वर्षं हातानं पाला चारला, पण हिला माझं नावसुद्धा माहीत नाही."

"कसं असेल?" द्रौपदा हसली. "मी कधी घेतलंय का?"

तेवढ्यात शेळी तिच्याकडं वळून ओरडली आणि पट्टा म्हणाला, "अगं."