एका मिनिटाची मळमळ

भर पंगतीत आत्यानं वीस वर्षांच्या शर्वाणीच्या पानात तिसरी जिलेबी टाकली. "खा गं! रोजच्या उलट्यांची कसली नाटकं?"

बाबाही हसले. तिच्या उद्याच्या पोटाच्या ऑपरेशनला ते अजून तयारच नव्हते.

शर्वाणीला ढवळून आलं. स्वतःच्या मनगटावर होता तसाच दुसरा पट्टा तिनं पर्समधून काढला आणि बाबांच्या मनगटावर चढवला. "मला होतंय ते यातून तुम्हालाही जाणवेल. फक्त एक मिनिट हं!" तिनं बटण दाबलं.

बाबांना दरदरून घाम फुटला. तोंडात आंबट पाणी आलं, घास थेट घशाशी. "बंद कर हे!"

"मला कुठे बंद करता येतं, बाबा?"

मिनिट संपलं. बाबा धापा टाकत होते.

"कधीपासून होतंय हे?"

"दोन वर्षं. दिवसातून पाचदा."



"उद्या किती वाजता निघायचंय?" बाबांनी विचारलं.