पांढऱ्या रंगाखाली

फोल्कमारनं रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या फुटक्या धडात बोट घातलं, आणि ते तिथंच थबकलं.

नाकाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगाखाली, काळं कापड होतं. कार्बनचं. गेल्या हिवाळ्यात त्यानंच ते चिकटवलं होतं. फायबरग्लासचं काचकापड संपलं होतं, ते आणायला फुल्डा शहरापर्यंत जायचा कंटाळा, आणि कार्बन तर जास्तच मजबूत. पण रिसीव्हर नेमका त्याच्याआड बसतो आणि कार्बनमधून रिमोटचा संदेश धड पोहोचत नाही, हे विमानं उडवणाऱ्यांच्या मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. जन्मभर लोकांची विमानं जोडणाऱ्या फोल्कमारनं तेवढंच नेमकं विसरावं!

समोर स्टुलावर एवाल्ड बसला होता. मे महिन्यात, हिवाळ्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात त्याचं हे ग्लायडर दूर गेलं, वळलं आणि सरळ एका बाळगाडीशेजारी येऊन आदळलं. ते माझं ऐकतच नव्हतं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं, म्हणून लोक हसले. मंडळानं विमान तपासायला फोल्कमारकडे दिलं आणि निकाल दिला : विमानात दोष निघाला तर ठीक, नाहीतर एवाल्डनं यापुढे टेकडीवर रिमोट धरायचा नाही. बायको गेल्यापासून त्या टेकडीशिवाय त्याला दुसरं काही उरलं नव्हतं.

"काही सापडलं का रे आत?" एवाल्डनं विचारलं.

"काही नाही," फोल्कमार म्हणाला. "वय झालं, एवाल्ड. हात कापतात तुझे."

एवाल्डनं हात उलटसुलट करून पाहिले. ते आता खरोखरच कापत होते.

तो गेल्यावर फोल्कमारनं काळं कापड काचपेपरनं घासून पार काढलं. नवं काचकापड, रेझिन, वर रंग. काम असं झकास, की सांधा शोधूनही सापडू नये.

रविवारी विमान उडवून पाहायला अख्खं मंडळ टेकडीवर जमलं. एवाल्डनं सगळ्यांसाठी आलुबुखाराचा केक आणला होता. तूच उडव, असं त्यानंच फोल्कमारला सांगितलं. ग्लायडर वाऱ्यावर चढलं, ठिपक्याएवढं झालं, सांगितलं तिथं वळलं आणि अलगद फोल्कमारच्या पायाशी उतरलं.

"विमान तर सोन्यासारखं आहे," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांच्या माना एवाल्डकडे वळल्या.

एवाल्ड पुढे आला. रिमोटकडे त्यानं पाहिलंही नाही. फोल्कमारचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

"माफ कर मला," तो हळूच म्हणाला. "तुला सांगतो, मला तुझ्या दुरुस्तीचाच संशय आला होता."