घोटभर चहा

डॉ. तळवलकरांनी रुग्णालयाचं पत्र पुन्हा वाचलं. रिकाम्या पोटी बायकांच्या जठरात पुरुषांपेक्षा जास्त आम्ल असतं, असं डॉक्टरांनी आपल्या छापून आलेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर भरवसा ठेवून तिथले डॉक्टर आजपासून बायकांना ॲसिडिटीच्या औषधाचा दुप्पट डोस देणार होते. तीस वर्षांत त्यांचं लिहिणं कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं.

"तपासणीला बायका मीच जमवल्या होत्या, आठवतंय ना?" कॉलेजातल्या आयाबाई, गोदामावशी, पेढा घेत म्हणाल्या. "नळी गिळायची म्हटल्यावर सगळ्या घाबरलेल्या. मग मी प्रत्येकीला आधी घोटभर चहा पाजायची. त्याशिवाय कोण आत येतंय!"

डॉक्टरांनी पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "मावशी, उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं."

"उपाशीच होत्या की! चहाला काय खाणं म्हणतात?" मावशींनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला. "माझं काही चुकलं का, साहेब?"

"नाही. मी विचारायला हवं होतं."

चहाने आम्ल वाढतं, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतात; आणि पुरुषांना तर कुणी चहा पाजला नव्हता. लेख मागे घ्यावा लागेल, लोक हसतील. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यांनी रुग्णालयाचा नंबर लावला.

"अभिनंदन, सर!"

"माझा लेख चुकलाय. बायकांचा डोस वाढवू नका."

पलीकडचा आवाज खाली आला. "सर, सकाळीच सहा जणींना दिलाय."

"त्यांना घरी सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "मी येतोय."